अर्धवट पाहिलेल्या मालिकेचं परीक्षण

आमच्या पूर्व उपनगरात एक साप्ताहिक निघतं. आठ पानांचं. पहिल्या पानावर पाणीकपात आणि खोदलेले रस्ते, शेवटच्या पानावर 'जागा भाड्याने देणे आहे', आणि पाचव्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात मी. दर आठवड्याला एका मालिकेचं किंवा सिनेमाचं परीक्षण लिहून बुधवारी दुपारपर्यंत पाठवायचं. गेली सहा वर्षं हे करते आहे. पोटापाण्यासाठी भांडुपच्याच एका क्लासच्या ऑफिसात बसते, परीक्षण हे हौसेचं काम. निदान सुरुवातीला तरी हौसेचं होतं. पुढे पुढे ते पोळ्यांसारखं झालं. रोज करायच्या म्हणून करायच्या, गोल झाल्या तर झाल्या.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात संपादकांचा फोन आला.

"मॅडम, हल्लीची पोरं जपानी मालिका बघतात. माझी पुतणी दिवसभर तेच लावून बसते. शाळेतली लव्हस्टोरी आहे म्हणे एक. त्यावर लिहा ना काहीतरी."

मी ती मालिका लावली. दहा भाग, प्रत्येक पाऊण तासाचा. समुद्राकाठचं छोटं गाव आणि तिथली शाळा. शाळेच्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी दुसऱ्या शहरातून तिथं येते. वर्गात एक मुलगा असतो, त्याच्या घरी कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. तिकडे मुलंच वर्ग झाडतात, पुसतात. या दोघांची पाळी एकाच दिवशी येते. आणि मग बरेच भाग दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत.

इतकं मला कळलं, कारण मी पहिले चार भाग पाहिले. तेही दीडपट वेगाने, भाजी निवडता निवडता. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. मेथीकडे बघितलं की अक्षरं निघून जायची. पाचव्यापासून नवव्यापर्यंतचे भाग मी बोटाने पुढे ढकलत नेले, दहाव्याची पहिली दहा मिनिटं बघितली आणि लिहायला बसले.

लिहिताना मात्र हात सैल सुटला. मालिका संथ आहे, असं लिहिलं. पात्रांना तोंडं आहेत पण ती जेवायलाच उघडतात, असं लिहिलं आणि त्या वाक्यावर खूश झाले. नायिकेच्या घरात कपाटावर वडिलांचा फोटो दिसला होता, म्हणून 'दिवंगत वडिलांच्या आठवणींचं ठरावीक गाठोडं' असंही लिहिलं. आणि शेवटी, 'निर्मात्यांना नायिकेला वर्गातल्या इतर मुलींसारखा गणवेश देण्याचंही भान राहिलेलं नाही' असा टोला मारला. कारण बाकीच्या मुली निळ्या पोशाखात होत्या, मोठी चौकोनी कॉलर आणि पुढे रिबीन, आणि ही एकटी सुरुवातीला चॉकलेटी कोटात फिरत होती. पुढे तीही निळ्या पोशाखात आली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

परीक्षण छापून आलं. कोणी काही म्हटलं नाही. कोणी काही म्हणतच नाही सहसा.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, क्लासच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज वयस्कर बाईचा, खणखणीत.

"पेपरात लिहिणारी तूच का गं? तुझा नंबर पेपरवाल्यांनी दिला."

"हो, मीच. आपण कोण?"

"मी अंधेरीला शाळेचे युनिफॉर्म शिवते. तुझं ते जपानी मालिकेचं बाहीवर वाचलं."

"कशावर?"

"बाहीवर. मापं कापायला मी रद्दीतून पेपर आणते. कागदाची बाही कापली तर त्याच्यावर तुझं लिखाण. काखेकडच्या चार ओळी गेल्या, पण बाकी सगळं वाचलं. एक विचारू? तू ती मालिका पूर्ण पाहिलीस?"

"हो तर," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून किती सहज निघालं, ते आठवून अजून कानकोंडं व्हायला होतं.

"मग मला सांग, तिचा बाप कधी मेला?"

मी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं.

"सातव्या भागात तो स्टेशनवर उभा आहे," आवाज म्हणाला. "छत्री घेऊन. चांगला जिवंत. लेकीशी बोलतो पण. आणि तू त्याला दिवंगत केलंस."

"माझं चुकलं असेल."

"असेल नाही, चुकलंय. बापाचं जाऊ दे. त्या युनिफॉर्मचं काय लिहिलंस? भान राहिलं नाही म्हणे! अगं, त्याच्यावर तर सगळी गोष्ट उभी आहे."

डबा उघडाच राहिला होता. मी विचारलं, "तुम्हाला एवढी आवडली का ती?"

"तीनदा पाहिली. तू असं कर, इकडे ये. शनिवारी ये. दुपारी दोन ते चार मशीन बंद असते माझी. तुला दाखवते."

मी का गेले, याचं खरं कारण सांगायचं तर भीती. तिनं संपादकांना परत फोन केला असता तर सहा वर्षांच्या नावावर पाणी पडलं असतं. वाटलं, समोर जाऊन गोड बोलावं, चहा प्यावा, मिटवून टाकावं. त्या शनिवारी पवईवरून जाणारी बस धरली आणि अंधेरी पूर्वेला उतरले.

पत्ता गावठाणातला होता. चारी बाजूंनी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि मध्येच रस्ता एकदम अरुंद होऊन बैठी घरं सुरू होतात. नाक्यावरच्या क्रूसाला झेंडूची ताजी माळ होती. क्रूसापासून तिसरं घर. पुढची खोली म्हणजेच दुकान. दोन शिलाई मशिनी, भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर शाळांप्रमाणे घड्या लावलेले गणवेश. राखाडी, मरून, निळ्या चौकड्या, पांढऱ्यावर बारीक रेघा. नव्या कापडाचा खळीचा वास.

फोनवरच्या त्या बाई, म्हणजे आंटी, सत्तरीच्या आत-बाहेर असाव्यात. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात टेप, नाकावर चष्मा आणि एक डोक्यावर. दारातल्या खुर्चीत त्यांचे यजमान, अंकल, बसले होते. दोघं आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले, त्यातलं मला निम्मं कळलं. मग अंकल माझ्याकडे बघून साध्या मराठीत म्हणाले, "तुमच्या पेपरात माणूस मेला की नाही ते बघून छापत नाहीत काय?"

"तू गप रे," आंटी म्हणाल्या. मला म्हणाल्या, "बस. केक खा. रव्याचा आहे."

गोड बोलून मिटवायचा माझा बेत तिथंच संपला. त्यांना मिटवायचं नव्हतंच, दाखवायचं होतं. त्यांनी भाचीने पाठवलेला टॅब आणला, मशिनीच्या धडाला टेकवून उभा केला आणि पहिला भाग लावला.

"मी सगळं दोनदा बघते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा हातात काज-बटणाचं काम असतं, तेव्हा वाचता येत नाही. नुसती माणसं बघते आणि कपडे बघते. दुसऱ्यांदा काम बाजूला ठेवून वाचते, कोण काय बोललं ते."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा आवडली म्हणून."

पाचव्या मिनिटाला त्यांनी चित्र थांबवलं. मुलगा वर्गाच्या दारात उभा होता. बंद गळ्याचा काळा कोट, हात दाराच्या चौकटीवर.

"बाहीचं टोक बघ."

मला काळी बाही दिसली.

"नीट बघ. मनगटाजवळ दोन बोटं पट्टा जास्त काळा आहे की नाही? बाकीचा कोट उन्हानं आणि धुण्यानं विटलाय, तेवढाच पट्टा नवा. म्हणजे आत दुमडलेलं कापड उसवून बाही लांब केली. मुलगा वाढला, कोट तोच. धुण्याच्या दुकानातला मुलगा, इस्त्री बघ कशी कडक. पण कोट जुना. घरचं कसं काय आहे ते कोणी बोललं का? कोणी नाही बोललं. बाहीनं सांगितलं."

मी तो प्रसंग पाहिला होता. दीडपट वेगाने.

मग त्यांनी तिसरा भाग लावला. पहिले दोन भाग ती मुलगी जुन्या शाळेच्या चॉकलेटी कोटात येते, कारण नव्या शाळेचा गणवेश शिवून यायचा असतो. हे तिची आई पहिल्याच भागात एका वाक्यात सांगते. मी तेव्हा बहुतेक मेथीची मुळं कापत होते. तिसऱ्या भागात गणवेश येतो. सकाळी शाळेच्या फाटकातून सगळ्या निळ्या मुली आत शिरतात, आणि तो मुलगा सायकल धरून उभा असतो. त्याची नजर इकडून तिकडे फिरते. रोज चॉकलेटी ठिपका दिसला की त्याला कळायचं, ती आली. आज ठिपकाच नाही. आज ती सगळ्यांसारखी दिसते, त्यामुळे त्याला पहिल्यांदा एकेक चेहरा बघत तिला शोधावं लागतं. आणि शोधताना सापडतो तो. म्हणजे, आपण हिला शोधतोय हे त्याला स्वतःलाच कळतं. एक शब्द नाही. सायकलच्या ब्रेकवरची त्याची बोटं तेवढी आवळली जातात.

"आता सांग," आंटी म्हणाल्या. "भान राहिलं नाही कोणाला?"

मला काहीतरी वेगळंच होत होतं. केकचा तुकडा हातात तसाच होता. इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं ते असं धाडकन समोर आलं.

मी आठवीत असताना आम्ही गावाहून भांडुपला आलो. वडील आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर दोन-तीन वर्षं इकडे तिकडे करून त्यांना भांडुपच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि त्यांनी आम्हाला मालवणकडून बोलावून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी इथल्या मराठी शाळेत दाखल झाले. गावच्या शाळेचा माझा गणवेश निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज. इथं सगळ्या मुली हिरव्या. आई म्हणाली, "आता चार म्हयन्यांसाठी नवो कशाक? जूनात शिवूया." चार महिने मी निळ्या स्कर्टमध्ये शाळेत गेले. प्रार्थनेच्या वेळी रांग चांगली दिसावी म्हणून पी.टी.च्या बाई मला शेवटी उभं करायच्या. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांना फक्त सरळ रांग हवी होती. मी मात्र शाळेत शिरताना दप्तर पोटाशी धरायची, जेवढा स्कर्ट झाकेल तेवढा झाकायची.

माझ्या बाकावर एक मुलगी बसायची, तोतरी होती थोडी. एक दिवस मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहिले, तर ती परत आली आणि म्हणाली, "चल ना बाहेर. तू निळी असतेस तर मैदानात पटकन सापडतेस." बस, एवढंच. त्यानंतर मी रोज बाहेर जायला लागले. जूनमध्ये मला हिरवा गणवेश मिळाला आणि पहिल्या दिवशी ती मैदानात मला शोधत माझ्याच समोरून निघून गेली होती. आम्ही किती हसलो होतो.

हे सगळं मी विसरले होते. ज्या गोष्टीतून मी स्वतः गेले होते, ती पडद्यावर आली तर मी तिला कपडेपटाची चूक समजले आणि त्यावर विनोद केला.

आंटींना मी हे सांगितलं. त्यांनी टेप गळ्यातून काढून मशिनीवर ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिरवा कुठला? बाटलीचा हिरवा की पोपटी?"

"बाटलीचा."

"प्लेटा किती होत्या पुढे?"

मी डोळे मिटून बघितलं. "तीन. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. आणि कापडाचाच पट्टा."

"हां. मग चांगला होता. तो रंग विटत नाही लवकर," त्या म्हणाल्या, आणि केकचा आणखी एक तुकडा माझ्या बशीत ठेवला. सांत्वन म्हणून कोणी याहून बरं काही बोललं असतं असं मला वाटत नाही.

निघताना त्यांनी बजावलं, "चौथ्यापासून नवव्यापर्यंत घरी बघ. नीट. हातात काही घ्यायचं नाही. दहावा इथं बघू, पुढच्या शनिवारी."

त्या आठवड्यात मी ऑफिसातून आले की चहा घेऊन सरळ टीव्हीसमोर बसायची. रोज एक भाग, साध्या वेगाने. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "आज जेवणाचं काय?" मी म्हटलं, "अंडी आहेत, पाव आहे." त्यानं ऑम्लेट केलं, ताट घेऊन बाजूला बसला आणि विचारायला लागला, "ही कोण? हा रडतो का?" त्याला मागची गोष्ट सांगता सांगता मलाच ती जास्त कळत गेली. तो सहाव्या भागात घोरायला लागला, त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. सहावा भाग खरंच लांबवलेला आहे. शाळेच्या जत्रेची तयारी, जत्रा, जत्रेनंतरची आवराआवर, यात पाऊण तास जातो आणि माणसं होती तिथंच राहतात.

सातव्या भागात वडील आले. आंटी म्हणाल्या तसेच, स्टेशनवर, छत्री घेऊन. आई-वडील वेगळे झालेले असतात, ते दुसऱ्या शहरात नोकरी करतात, एवढं आपल्याला त्या भागात कळतं. लेक आपल्याकडे राहायला येईल का, हे विचारायला ते आलेले असतात. विचारत नाहीत. तिच्या नव्या गणवेशाकडे बघतात आणि म्हणतात, "हा तुला शोभतो." ती मान हलवते. ते छत्री तिला देऊन गाडीत बसतात. पाऊस नसतो. आपल्याकडे या प्रसंगाला किती वाजंत्री लागली असती! मी तो भाग संपल्यावर उठून उगाच गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले, वाळले नव्हते तरी.

दुसऱ्या शनिवारी दहावा भाग. अंकलही खुर्ची आत घेऊन बसले, पण पाठ टॅबकडे. "मी बघत नाही," म्हणाले, "ती सांगते तेवढं ऐकतो. चाळीस वर्षं हेच चाललंय."

शाळेचा निरोप समारंभ असतो. मुलं ओळीने उभी, भाषणं, गाणं. मग बाहेर अंगणात सगळे फोटो काढतात. मुलगी पुढच्या शिक्षणाला शहरात जाणार असते, मुलगा दुकान सांभाळणार असतो. दोघं बोलतात, पण कॅमेरा लांब, आवाज ऐकू येत नाही. मग मुलगा एकटा चालत येतो.

आंटींनी थांबवलं. "मोज."

"काय?"

"बटणं मोज गं."

काळ्या कोटाला समोर पाच बटणं असतात. मी मोजली. चार. वरून दुसरं नव्हतं, तिथं नुसता दोऱ्याचा तुकडा लोंबत होता.

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, ही काय पद्धत? एवढी चांगली शिलाई आणि शेवटच्या दिवशी बटण तुटकं? वाटलं, चूक केली ह्यांनी." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "मला पण वाटलं चूक. पण मी थांबले. पेपरात नाही दिलं."

पुढे मुलगी बसमध्ये बसते, आणि बस वळणावर आली की मूठ उघडते. मुठीत बटण. नंतर मी शोधून वाचलं, तिकडे तशी पद्धतच आहे. शाळा सोडताना मुलगा आवडत्या मुलीला कोटाचं दुसरं बटण देतो, ते हृदयाच्या सगळ्यात जवळ असतं म्हणून. आंटींना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बटण मोजलं आणि मूठ बघितली.

मी त्यांना ही पद्धत सांगितली तेव्हा त्या जरा विचार करून म्हणाल्या, "बरोबर आहे. छातीचं माप घेतो तिथंच येतं ते."

"माझं बटण कोणी मागितलं नाही," खुर्चीतून अंकल म्हणाले.

"तुझी सगळी मीच लावते," आंटी म्हणाल्या. "मागायचं काय त्यात?"

त्या बुधवारी मी दुसरं परीक्षण लिहून पाठवलं. त्यात पहिल्यांदाच सरळ लिहिलं की मागचं परीक्षण मी मालिका अर्धवट बघून लिहिलं होतं, एका वाचक बाईंनी ते पकडलं, आणि आता पूर्ण बघून हे लिहिते आहे. संपादकांचा तासाभरात फोन.

"मॅडम, हे काय? छापून झालं ना एकदा. लोक विसरले पण असतील."

"एक बाई नाही विसरल्या."

"एका वाचकासाठी? आणि स्वतःहून कशाला सांगायचं, बघितलं नव्हतं म्हणून? आपली इज्जत जाते."

"माझी जाईल. नाव माझं आहे. तुम्ही खाली टीप टाका हवी तर, मत लेखिकेचं."

शेवटी ते म्हणाले, "तीनशे शब्द देतो. बाकी जागेवर फटाक्यांच्या स्टॉलची जाहिरात आहे."

तीनशे शब्दांत बाही, फाटक, छत्री आणि बटण बसवायला दोन दिवस लागले. सहावा भाग कंटाळवाणा आहे हेही लिहिलं, कारण तो आहे. इतका वेळ इतक्या कमी शब्दांवर मी फार वर्षांनी घालवला होता, आणि मजा आली. ऑफिसात कागदावर एकेक शब्द खोडत बसलेली बघून तिथली पोरगी म्हणाली, "मॅम, एक्झाम आहे का तुमची?"

छापून आल्यावर मी धास्तावून होते. काही झालं नाही. मुलुंडहून एका शिक्षिकेचा मेसेज आला, 'बघते आता.' एका काकांनी कळवलं की साप्ताहिकानं परदेशी मालिकांपेक्षा गटारांवर लिहावं. माझी इज्जत होती तिथंच होती. उलट त्यानंतर परीक्षणाला बसताना एक हलकेपण आलं. कमी मालिका घेते, दोन आठवड्यांनी एक. संपादक कुरकुरले, मग त्यांनी मधल्या आठवड्यात राशिभविष्य सुरू केलं. सगळे खूश.

आंटींना अंक मी स्वतः नेऊन दिला, रद्दीची वाट न बघता. त्यांनी दारातच उभं राहून आधी नुसता बघितला, लांब धरून, कागद कसा दिसतो ते. मग चष्मा बदलून वाचला. ओठ हलत होते.

"हां," त्या शेवटी म्हणाल्या. "आता बरोबर. फक्त इथं तू लिहिलंस, काज तुटलं. काज कसं तुटेल? बटण जातं. काज जागेवरच राहतं."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्हाला दाखवून पाठवीन."

"नको गं बाई. मे-जूनला मला मरायला वेळ नसतो."

खरं तर दाखवायची गरजच उरली नाही, कारण आता त्याच फोन करतात. सध्या एक नवी मालिका चालू आहे, त्याच देशातली, एका शाळेच्या गायनवर्गाची. मी पाचही भाग पूर्ण पाहिलेत, साध्या वेगाने, रिकाम्या हाताने. माझं मत आहे की त्यातला पियानो वाजवणारा मुलगा मनानं चांगला आहे. आंटींचं मत आहे की तो लबाड आहे. परवा संध्याकाळी यावर आमचं वीस मिनिटं भांडण झालं.

"अगं, तो तिला खोटं बोलला चौथ्या भागात."

"आंटी, तिला वाईट वाटू नये म्हणून बोलला."

"सगळे तेच म्हणतात."

"तुम्ही दुसऱ्यांदा पाहिलंत का? त्याचं पूर्ण वाक्य वाचा."

"मला वाक्य नको सांगू. त्याची चाल बघ. असा चालणारा माणूस..."

तेवढ्यात फोन कोणीतरी ओढून घेतल्यासारखा आवाज झाला आणि अंकल बोलले, "हॅलो, ऐक. तो पोरगा चांगला पण नाही, वाईट पण नाही. भात करपतोय इथं. ठेव आता."